पंक्चर नाही, साहेब

"काका, तुमच्या बॅटला भज्यांचा वास येतोय."

हे बोलणारा मुलगा सहावीत आहे, आणि हे तो मला टेबल टेनिसमध्ये अकरा-तीन असा हरवून झाल्यावर बोलला. हरला असता तर रडीचा डाव म्हणून सोडून देता आलं असतं. बरं, सहज म्हणून बोलला नाही. बॅट नाकाशी नेऊन, डोळे मिटून, खात्री करून बोलला. मग बाकावरच्या तिघांनी ती हातोहात हुंगली. दोघांनी कांदा भजी सांगितली, एकाने बटाटा.

माझ्या बॅटवरचं रबर गुळगुळीत झालंय, हे मला मान्य आहे. फिरकी द्यायला जावं तर चेंडू ओल्या साबणासारखा निसटतो आणि जाळीत जाऊन बसतो. नवीन घ्यावं तर जरा बऱ्या परदेशी रबराची एक शीट अडीच-तीन हजारांच्या घरात, आणि बॅटला बाजू दोन. हा हिशोब घरात मांडला तेव्हा "आधी मिक्सर" एवढंच उत्तर आलं. मग जे घरात होतं त्यावर भागवायचं ठरवलं. भांड्यांच्या लिक्विडने धुतली, तर वर साबणाचा पापुद्रा बसला. करोनातल्या सॅनिटायझरच्या चार बाटल्या कपाटात अजून आहेतच, तोही चोळला. रबर क्षणभर चमकलं आणि मग कोरडंठक्क.

त्यात स्कूटरचं मागचं चाक बसलं.

आमच्या चौकात गुलमोहराखाली एक पंक्चरवाले बसतात. ट्यूब बाहेर काढता काढता त्यांची नजर डिकीतून डोकावणाऱ्या बॅटकडे गेली.

"हे काय, साहेब?"

"टीटीची बॅट. रबर गेलंय."

'रबर' म्हटल्यावर माणूस बदलला. हातातली ट्यूब खाली ठेवली, पॅन्टला हात पुसले, बॅट घेतली. अंगठ्याने दाबली. नखाने कड उचलून पाहिली. कानाशी नेऊन टिचकी मारली. आणि मी 'अहो' म्हणेपर्यंत ट्यूब तपासायच्या घमेल्यात बुडवली.

"अहो, लाकूड आहे ते!"

"थांबा की. गळती बघू द्या."

काळ्या पाण्यात आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. आता रबराखाली स्पंज असतो, स्पंजात हवा असते, त्यामुळे कडेने बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. त्यांचा चेहरा उजळला.

"ही बघा. इथनं हवा जाते."

"तिच्यात हवा भरलेलीच नसते हो."

"मग ही कुठनं आली?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी बॅट झटकली, उन्हात धरली आणि म्हणाले, "पंक्चर नाही, साहेब. पण रबर सुकलंय. डिकीत ठेवता ना? उन्हानं टायरला तडे जातात, तसंच हे. रबराला ऊन चालत नाही." मग ट्यूबवर ठिगळ लावण्याआधी जिने घासतात ती कानस उचलली. "जरा खरवडतो. खरवडलं की धरतं."

मी बॅट अक्षरशः हिसकावून घेतली. ते दुखावले. "बरं, मग सोल्यूशन तरी लावू?"

इथे मला राहवलं नाही. सत्तरच्या दशकात युरोपातल्या खेळाडूंनी नेमकं हेच केलं होतं. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून खेळायच्या आधी रबर ताजं चिकटवलं, की त्यातल्या द्रावकाने स्पंज फुगून ताणला जातो आणि चेंडू गोळीसारखा सुटतो, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे त्याचे खास गोंद निघाले. त्यांच्या वाफा विषारी, म्हणून २००८ मध्ये बंदी आली. हे सगळं मी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मी वेगळं काय सांगतोय?"

निघताना म्हणाले, "पंक्चरचे शंभर, बॅटचे वीस."

"बॅटला काय केलंत?"

"चेक केली ना!"

वीस रुपये दिले. ते अजून डोक्यातून जात नाहीत. वर त्यांनी फुकटात आणखी एक सल्ला दिला. "तेलबिल लावू नका बरं का. रबर फुगतं." तो तेवढा मी ऐकला नाही, कारण आदल्या रात्री एका व्हिडिओत एक गोरा माणूस सूर्यफुलाच्या तेलाचे दोन थेंब लावून जुनं रबर जिवंत करत होता. तीस वर्षं रबरात हात घातलेला आपल्या चौकातला माणूस, आणि मी ऐकलं कोणाचं? असो. थेंब दोनच सांगितले होते, माझ्याकडून चमचा पडला.

खरं तर रबर ओल्या स्पंजने पुसावं, वाळवावं, वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवावा आणि उन्हापासून लांब ठेवावं. संपलं. पण यात काही केल्यासारखंच वाटत नाही.

आणि या स्पंजाची सगळी भानगड आपल्या मुंबईतच सुरू झाली, हे मला फार लागतं. १९५२ ची जागतिक स्पर्धा तिथे भरली होती. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन आला. तोवर सगळ्यांना नुसत्या दाणेदार रबराचा टकटक आवाज ओळखीचा. याच्या बॅटचा आवाजच येईना, त्यामुळे चेंडू कसा आणि किती जोरात येतोय याचा अंदाज लागेना. सातो विजेतेपद घेऊन गेला आणि मला हा खर्च लावून गेला.

तर भजी. दोन दिवस मी तो चमचाभर तेलाचा अपराध मनात घेऊन फिरलो. पण सूर्यफुलाच्या कच्च्या तेलाला कांद्याचा वास येईल कसा? मग आठवलं. शनिवारी क्लबहाऊसमध्ये सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली होती. गणपूर्तीसाठी चहा आणि भजी ठेवावी लागतात. ती ठेवायला जाळी काढून टीटीचं टेबल वापरतात. बारशाला तेच, हळदीकुंकवाला तेच. चेंडू टेबलावरचं तेल उचलतो आणि रबराला आणून लावतो. मेंटेनन्समध्ये 'क्रीडा सुविधा' म्हणून वेगळे पैसे घेता, आणि त्या सुविधेवर परात ठेवता? सभेत विषय काय होता माहीत आहे? टीटीचं टेबल फारसं वापरलं जात नाही, ते काढावं का.

सेक्रेटरींना फोन केला. म्हणाले, "बॉल उसळतोय ना? मग झालं."

पुरावा हवा म्हणून संध्याकाळी खाली गेलो. क्लबहाऊसमध्ये कोणी नव्हतं. माझ्या बाजूला, पांढऱ्या रेघेच्या अलीकडे, परातीएवढं तेलकट वर्तुळ स्पष्ट दिसत होतं. मी दोन्ही हात टेकून खाली वाकलो, नाक टेबलाला लावलं आणि दीर्घ श्वास घेतला. कांदाच होता.

"आई," दारातून तो सहावीतला आवाज आला, "काका आता टेबलाचा वास घेतायत."

"इकडे ये बरं," आई हळूच म्हणाली.