त्यांना कोणी सोडवलं?

आज एका ग्रुपवर 'अमिस्टाड' सिनेमाची गोष्ट कुणीतरी एका ओळीत संपवली. 'गोऱ्या वकिलांनी गुलामांना सोडवलं.' खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

अरे, वकील यायच्या आधी त्या माणसांनी स्वतःला सोडवलं होतं! १८३९ साल, क्यूबाजवळचा समुद्र, 'अमिस्टाड' नावाच्या जहाजात गुलाम म्हणून डांबलेले ५३ आफ्रिकी, त्यात चार लहान मुलं. स्पीलबर्गच्या सिनेमाची सुरुवात आठवा. काळोख, धापा आणि लाकडातून खिळा उपसणारी रक्ताळलेली बोटं. ती सेंगबे पिएहची. पश्चिम आफ्रिकेतल्या मेंडे जमातीचा माणूस, गावाकडे भातशेती करणारा. जहाज त्यांनी ताब्यात घेतलं. त्यांना मोकळं करणारा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १८४१ मध्ये!

पुढे पकडून अमेरिकेत तुरुंगात टाकलं, तर त्यांचं बोलणं कुणाला कळेना. मग गिब्ज नावाचे येल विद्यापीठाचे प्राध्यापक त्यांच्याकडून आकडे शिकले आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ते मोठमोठ्याने म्हणत फिरले. एका खलाशाला ते कळले. जेम्स कोवी. तोही लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला.

इथे मला दरवेळी आई आठवते. चेन्नईत तिचं ऑपरेशन झालं. तमिळ येत नाही, इंग्रजी नाही, हिंदी जेमतेम. तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. चौथ्या दिवशी एक आया गोळ्या मोजताना पुटपुटली, 'एक, दोन, तीन...' तंजावरकडची, घरात मराठी बोलणारी. आईने तिचा हात धरला तो सोडेचना. पाठीतली कळ तीन दिवस कुणालाच सांगता आली नव्हती, ती तिला सांगितली.

कोवी आला आणि सेंगबेला कोर्टात साक्ष देता आली. जहाजात कसं कोंबलं होतं, ते त्याने जमिनीवर बसून दाखवलं. हा माणूस तुमच्या त्या एका ओळीत कुठे आहे? सिनेमाही शेवटी भलंमोठं भाषण त्यांचा वकील जॉन क्विन्सी ॲडम्सच्याच तोंडी देतो, याचा मला अजून राग येतो.

बरं, त्र्याहत्तराव्या वर्षी ॲडम्ससारखा माजी राष्ट्राध्यक्ष त्यांच्यासाठी कोर्टात उभा राहिला, हे मोठंच. जोतीरावांनीही १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. सोबत्यांचा मान ठेवायलाच हवा. पण सोबती तो सोबती.

वाचलेले ३५ जण १८४२ च्या जानेवारीत सिएरा लिओनला परतले.

ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, तेही उत्तम केलं. पण आई दिवाळीला फोन लावते तो त्या आयाबाईंना. आज मीही बोललो. त्यांची मराठी वेगळी आहे, जुनी, गोड. 'आई बरी आहे नव्हं?' एवढंच विचारलं त्यांनी, आणि मला पुढे बोलता येईना.