तिसरीचा नंबर

गेल्या आठवड्यात नेरुळच्या ज्वेलवर, म्हणजे तळ्याभोवतीच्या फिरायच्या ट्रॅकवर, सकाळी सहाच्या सुमाराला दोन मुलांनी माझ्या लेकीचा व्हिडिओ काढला. मागून. ती चालत होती आणि ती दोघं हसत होती. संध्याकाळपर्यंत तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. खाली एका काकांनी हसणारे तीन चेहरे टाकले होते. काकांना ती कोणाची मुलगी आहे हे कळलंच नव्हतं. मी जिना उतरून त्यांच्या दारात गेले आणि बोलले. ते ओशाळले, व्हिडिओ काढून टाकला, लेकीला चॉकलेट दिलं. त्यांच्यावर माझा राग नाही. पण हे लिहायचं कितीतरी दिवस मनात होतं, ते आज लिहूनच टाकते. पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

माझी लेक अकरावीत आहे आणि रेस वॉकिंग करते. चालण्याची शर्यत. असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "चालण्याची? चालतात तर सगळेच." हो, चालतात सगळेच. वीस किलोमीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम जपानच्या तोशिकाझू यामानिशीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबेला केला. १ तास १६ मिनिटं १० सेकंद. म्हणजे एक किलोमीटर चार मिनिटांच्या आत, आणि असे सलग वीस. पाम बीच रोड वाशीपासून बेलापूरपर्यंत साधारण दहा किलोमीटर धरा. हा माणूस तो रस्ता ३८ मिनिटांत चालून जाईल. चालून! आपल्यातले बरेच जण तेवढा वेळ त्या वेगाने सायकलही चालवणार नाहीत.

आता त्या कमरेबद्दल, कारण सगळं हसू तिथेच येतं.

या खेळाचे नियम दोनच. पहिला, एक पाऊल कायम जमिनीला टेकलेलं हवं. दोन्ही पावलं एकदम हवेत गेलेली पंचांना साध्या डोळ्यांनी दिसली, की चूक. दुसरा, पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून शरीर त्याच्यावर सरळ उभं येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. हे घरात करून बघा. हॉलमध्ये चार पावलं टाका, गुडघा ताठ ठेवून, जमेल तेवढ्या जोरात. चौथ्या पावलाला कळेल की वेग वाढवायला शरीराकडे एकच जागा शिल्लक राहते, ती म्हणजे कंबर. उडी मारायची नाही आणि गुडघा मोडायचा नाही, मग पाऊल लांब पडणार कसं? कंबर पुढे फिरवून, एका बाजूने खाली सोडून. पावलं जवळजवळ एकाच रेषेत पडतात, हात कोपरात वाकवून छातीसमोर चालतात, आणि मिनिटाला दोनशेच्या आसपास पावलं पडतात. लोक ज्याला ठुमकणं म्हणतात ते म्हणजे नियम पाळून वेग काढण्याचा एकमेव मार्ग. माझ्या लेकीला ते अंगात मुरवायला दीड वर्ष लागलं. नडगीच्या पुढच्या बाजूला इतकं दुखायचं की रात्री गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपायची.

नियम मोडला की काय होतं तेही सांगते, कारण त्यातच या खेळाची सगळी घालमेल आहे. एक-दोन किलोमीटरच्या वळशावर पंच उभे असतात. संशय आला की पिवळं पॅडल, म्हणजे दांडीची छोटी गोल पाटी, दाखवतात. नागमोडी रेघ म्हणजे पाऊल सुटतंय, कोनाची खूण म्हणजे गुडघा वाकतोय. खात्रीच झाली की रेड कार्ड. एक पंच एका खेळाडूला एकच रेड कार्ड देऊ शकतो. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन कार्डं झाली की मोठ्या स्पर्धांत पेनल्टी झोनमध्ये जाऊन उभं राहायचं, वीस किलोमीटरच्या शर्यतीत दोन मिनिटं. बाकीचे समोरून निघून जाताना बघत. चौथं आलं की बाहेर. सिडनी ऑलिंपिकमध्ये, २००० साली, ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल स्वतःच्या देशात पहिली येत होती. स्टेडियमच्या तोंडाशी तिला लाल पॅडल दाखवलं, म्हणजे शर्यतीतून बाद. आत लाखभर लोक तिची वाट बघत होते. ती तिथेच रडली. चार वर्षांनी अथेन्सला ती परत उभी राहिली आणि ब्राँझ घेऊन गेली. सॅव्हिलची ही गोष्ट माझ्या लेकीच्या टेबलासमोर भिंतीवर कागदावर लिहून लावलेली आहे, तिच्याच अक्षरात.

पण मला खरं लिहायचंय ते सांघिक स्पर्धेबद्दल.

चालण्याची जागतिक सांघिक स्पर्धा १९६१ पासून चालू आहे. स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी पहिली झाली, म्हणून सुरुवातीला तिला लुगानो ट्रॉफीच म्हणत. बायकांना तिथे उतरायला १९७९ उजाडावं लागलं. ऑलिंपिकमध्ये तर पुरुष १९०८ पासून चालताहेत आणि बायका १९९२ पासून. ८४ वर्षं!

या स्पर्धेत संघाचा हिशेब फार सुंदर आहे. देशाचे चालणारे एकाच शर्यतीत उतरतात. मग त्यांच्यातल्या पहिल्या तिघांचे क्रमांक मिळवायचे. ज्यांची बेरीज सगळ्यांत कमी, तो संघ जिंकला. एवढंच. मार्च २०२२ मध्ये मस्कतला आपल्या मुलींनी वीस किलोमीटरमध्ये सांघिक ब्राँझ घेतलं. रवीना आठवी आली, भावना जाट चौदावी, मुनिता प्रजापती बाविसावी. आठ, चौदा आणि बावीस, चव्वेचाळीस. आता बघा, एकटीएकटीचं बघितलं तर यातल्या एकीलाही पदक नाही. बाविसाव्या आलेल्या मुलीचं नाव कुठला पेपर छापतो? पण मुनिता वाटेत थांबली असती तर पदक कोणाच्याच गळ्यात पडलं नसतं. पुढच्या दोघी कितीही चांगल्या चालल्या असत्या तरी नाही.

माझी लेक तिसरी आहे. तिच्या सरांकडे तीन मुली वॉक करतात आणि त्यांत ही सगळ्यांत मागे असते. जिल्हा पातळीवर अशा मुलीचं काय होतं हे मी दोन वर्षं बघतेय. निकाल लागतो, पहिल्या तिघींना बोलावतात, बाकीच्या पिशव्या उचलून बसस्टॉपला जातात. सातवी, आठवी आलेली मुलगी पुढच्या वर्षी दिसत नाही. दहावीचा क्लास लागतो, घरचे म्हणतात आता पुरे, आणि तिच्याकडे "नाही, मला जायचंय" म्हणायला काही कारणच उरत नाही. तिच्या न येण्याने कोणाचंच काही बिघडत नसतं ना.

सरांनी गेल्या पावसाळ्यात एक केलं. दर रविवारी तिघींच्या वेळा मिळवून एकच आकडा कंपाऊंडच्या भिंतीवर खडूने लिहायला सुरुवात केली. तुझी वेळ, माझी वेळ असं काही नाही. तिघींचा एक आकडा. तो कमी करायचा. मला तेव्हा यातलं फारसं कळलं नाही. पण महिन्याभरात घरात फरक दिसायला लागला. ताप असताना ही मुलगी उठून बसली आणि म्हणाली, "आई, मी नाही गेले तर आकडाच लागणार नाही." मी पाठवलं नाही, ताप होता. पण ती रडली ते शर्यत हुकली म्हणून रडली नाही, दोघी खोळंबल्या म्हणून रडली. आणि त्या दोघी सराव आटपून घरी आल्या, हिच्या पलंगावर बसून पोहे खाऊन गेल्या.

म्हणून त्या व्हिडिओनंतर तिसऱ्या दिवशी ती परत ज्वेलवर गेली. मला वाटलं होतं सोडेल. याआधी एकदा सोडता सोडता राहिली होती, ते सांगायलाच हवं. एका जिल्हास्तरीय स्पर्धेत मुलींची चालण्याची शर्यत सगळ्यांत शेवटी, भर दुपारी बारानंतर ठेवली. तीन हजार मीटर, मातीच्या मैदानावर, पंच दोन. मुली पहिल्या वळणावर आल्या आणि माइकवरचा माणूस म्हणाला, "अरे वा, लावणी सुरू झाली वाटतं!" सगळं मैदान हसलं. मुलींचे पालकही हसले, काही जण. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली, अंगात शॉर्ट्स, आणि चारशे माणसं कमरेकडे बघून हसताहेत. लावणीला तरी काय कमी कष्ट लागतात? ज्याने ते वाक्य टाकलं त्याला दोन्हींतलं काही माहीत नव्हतं. त्या दिवशी पाच मुली निघाल्या होत्या, तीन पोचल्या. वाटेत थांबलेल्या दोघींपैकी एक माझी. "पाय दुखत होता," असं ती चार दिवस सांगत राहिली.

भावना जाटबद्दल मी वाचलं होतं की राजस्थानात गावातल्या लोकांनी शॉर्ट्समध्ये बघू नये म्हणून ती पहाटे अंधारात सराव करायची. तेव्हा वाटलं होतं, खेड्यात असंच असणार बाई. नवी मुंबईत राहून मला असं वाटलं याची आज खंत वाटते.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. ब्राझीलचा काइओ बोनफिम पॅरिसला २०२४ मध्ये वीस किलोमीटरचं रौप्य घेऊन आला, २०२५ मध्ये तोक्योला जगज्जेता झाला. पॅरिसच्या पदकानंतर तो कशाबद्दल बोलला माहितीये? रस्त्यावर सराव करताना वर्षानुवर्षं खाल्लेल्या शिव्यांबद्दल. त्याची आई स्वतः चालण्याची राष्ट्रीय विजेती, तीच त्याची प्रशिक्षक. एक बाई, जी स्वतः त्याच रस्त्यांवर तसंच चालली असेल, मुलाला त्याच रस्त्यावर पाठवत राहिली. मी त्या बाईंचा फार विचार करते.

यंदाची जागतिक सांघिक स्पर्धा त्याच्याच गावात आहे, ब्राझिलियाला, एप्रिल २०२६ मध्ये. अंतरंही बदललीत. वीस आणि पस्तीस किलोमीटर गेलं, अर्धमॅरेथॉन आणि मॅरेथॉन आली. मला हा बदल आवडला. ४२.१९५ हा आकडा आपल्याकडे आता पोराटोरांना माहीत आहे, मॅरेथॉनच्या दिवशी रस्ते बंद होतात हेही सगळ्यांना मान्य आहे. मग त्या अंतराला चालणाऱ्यांनाही थोडा मान मिळेल, असं आपलं वाटतं.

सिडकोने आखलेलं हे शहर. सपाट, रुंद, सरळ कोपऱ्यांचं. जागतिक स्पर्धेलाही लागतो तो एक-दोन किलोमीटरचा सपाट वळसा. नेरुळमध्ये, सानपाड्यात, सीवूड्समध्ये कुठल्याही सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर एक किलोमीटरचा चौकोन सहज बसतो. स्टेडियम नको, तरणतलावासारखा खर्च नको, घोडा नको, बंदूक नको. ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमचा ट्रॅक आहे, तिथे जाऊन येऊन शाळकरी मुलीची सकाळ संपते. आपल्याला आपल्याच दारातला रस्ता हवाय, रविवारी सकाळी दोन तास. मॅरेथॉनला मिळतो, मिरवणुकीला मिळतो, तसा.

आणि तिथे शाळाशाळांची सांघिक स्पर्धा व्हावी. तीन मुलींचा संघ, तीन मुलांचा संघ, क्रमांकांची बेरीज. शाळेत वेगाने चालणारी एखादी सापडली तर तिला आणखी दोघी शोधाव्याच लागतील. तिसरीला घरी बसवून चालणार नाही. इक्वेडोर आणि ग्वाटेमाला या दोन्ही देशांना आयुष्यातलं पहिलं ऑलिंपिक पदक चालण्याच्या शर्यतीने मिळवून दिलं. जेफरसन पेरेझने १९९६ मध्ये, एरिक बारोंडोने २०१२ मध्ये. पैसा नसलेल्या देशांना जमलं, कारण रस्ता होता आणि चालणारे होते. आपल्याकडेही हाकमसिंग १९७८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला होता आणि चांदराम १९८२ ला दिल्लीत. नावं ऐकलीत? मीही लेकीमुळेच ऐकली.

महापालिकेला अर्ज दिलाय, तीन शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटलेय. दोघांनी विचार करू म्हटलंय, एका बाईंनी लगेच दोन मुली दिल्या. होईल तेव्हा होईल. तोवर दर रविवारी सकाळी पावणेसहाला आम्ही ज्वेलच्या मुख्य गेटपाशी असतो. सध्या मुली पाच आहेत. मी आणि आणखी एक आई पंचांचं काम शिकतोय. पुठ्ठ्याची दोन पिवळी पॅडल केलीत, एकावर नागमोडी रेघ, एकावर कोन. दोघींना चारही कोपरे सांभाळता येत नाहीत, म्हणून अजून दोन माणसं हवीत. डोळे चांगले असावेत आणि पाऊण तास उभं राहता यावं, एवढीच अट. काका येतो म्हणालेत, तिसरा कोपरा त्यांचा. एक कोपरा अजून रिकामा आहे.