घासून दिलाय

बिडाचा तवा उसना द्यावा की नाही, यावर आपल्या व्रतवैकल्यांत एकही कहाणी नाही. वास्तविक हवी होती.

कोजागरीला आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीच्या गच्चीवर, दूध आटेपर्यंत लोकांना गुंतवून ठेवायचं म्हणून, कमिटीनं एक खेळ काढला. प्रत्येकानं सध्याचं आवडतं पुस्तक, मालिका आणि घरातली एखादी वस्तू सांगायची. बहुतेकांनी ‘वाचायला वेळ कुठे मिळतो’ म्हणून सुटका करून घेतली. एकानं एअर फ्रायर सांगून टाळ्या मिळवल्या. मी मात्र मनापासून बोललो : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, ‘पंचायत’ आणि माझा बिडाचा तवा. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे नाना पिशवी घेऊन दारात. पुस्तक नेलं, तवा नेला, आणि ‘पंचायत’ नेता येत नाही म्हणून पासवर्ड नेला.

काल सगळं परत आलं.

“हा घे तुझा तवा,” नाना म्हणाले. “केवढा काळा करून ठेवला होतास रे! सूनबाईनं तारेच्या घासणीनं घासला, मग मीही बसलो. आता बघ कसा लख्ख झालाय!”

तवा करडा पडला होता. कडेला एवढ्यातच गंजाची पिवळट रेघ धरली होती.

“नाना, तो काळा थर मुद्दाम बसवलेला असतो. तेल तापून तापून बसतो. त्याच्यावरच घावन सुटतं.”

“तेलाचा थर म्हणजे मेणचटपणा. तू ग्रॅज्युएट ना?”

आता हा तवा मी कसा तयार केला होता, ते नानांना काय सांगणार? अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि मंद आचेवर तवाभर फिरवत राहायचं. सुरुवातीची घावनं तवा खातो, ती खरवडून निमूट गिळायची. मग एका रविवारी पीठ ओतल्याबरोबर चर्र होतं, जाळी पडते आणि कडा आपणहून उचलल्या जातात. पन्नाशीनंतर माणसाच्या आयुष्यात आपणहून उचललं जाणारं असं काय उरतं? फोन लावला तर पोरंसुद्धा उचलत नाहीत.

“आणि हे पुस्तक,” नानांनी पिशवीत हात घातला. “छान आहे. चुका फार होत्या. जमतील तेवढ्या काढल्या.”

ती आजीची प्रत. जुन्या वळणाच्या मराठीतली, डोक्यावर अनुस्वारच अनुस्वार. नानांनी लाल पेनानं एकेका अनुस्वारावर फुली मारली होती. पानंच्या पानं. मध्ये शाई संपली असावी, कारण पुढच्या फुल्या निळ्या होत्या.

“अहो, हे पुस्तक 1934 पासून निघायला लागलं. तेव्हा असंच लिहीत.”

“तेव्हा लिहीत असतील. 1962 साली शुद्धलेखनाचे नियम आले ना? मग?”

यावर काय बोलणार? लक्ष्मीबाई 1936 सालीच गेल्या, नाही तर नानांनी त्यांनाही गाठून जाब विचारला असता. पुस्तकातलं काय आवडलं, असं विचारलं तर म्हणाले, “त्यांचे वडील. सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. शिस्तीचा माणूस!” वाचताना त्या वडिलांपायी घरच्यांचे काय हाल झाले ते डोळ्यांपुढे येऊन हसताहसता घसा दाटतो, आणि या गृहस्थांना त्यात आदर्श सापडला. लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी ना. वा. टिळक, यांच्या ख्रिस्ती होण्याबद्दल एवढंच बोलले, “1895 सालची गोष्ट. माहीत होतं मला. त्यात सस्पेन्स काही नाही.”

‘पंचायत’ त्यांनी दीडपट वेगानं पाहिली. “चाकं लावलेल्या एका खुर्चीवरून नवरदेव रुसतो काय, त्यावर अख्खा भाग काढतात काय!” अहो, पण माणसं खुर्चीवरूनच रुसतात! आमच्या वार्षिक सभेत पंख्याखालच्या खुर्चीवरून जे झालं होतं, त्यात नाना स्वतः होते. ते मी बोललो नाही. मग जाता जाता नाना म्हणाले, “आणि तुझ्या त्या यादीत अर्धवट बघितलेलं बरंच साचलं होतं. काढून टाकलं सगळं.”

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “घासून दिला ना? आपल्याकडून नेलेले डबे लोक धूतसुद्धा नाहीत.” म्हणजे घरातही दाद नाही.

मला खरा राग येतो तो याचा की यातलं काहीच भांडण्यासारखं नाही. तवा फोडला असता तर नवा मागता आला असता. पुस्तक हरवलं असतं तर चार लोकांत बोलता आलं असतं. पण वस्तू स्वच्छ करून, सुधारून, वेळेत परत केली, अशी तक्रार कुठल्या तोंडानं करायची? सेक्रेटरीला सांगितलं तर तो नानांचा सत्कार ठेवेल. आणि वर आपणच त्यांना ‘थँक्यू’ म्हणायचं. मी म्हटलंही.

आज सकाळी पुन्हा बेल वाजली. नानांच्या हातात कोरा करकरीत बिडाचा तवा.

“आम्हीही आणला. तू तयार करून दे, तुला जमतं,” म्हणाले. “फक्त काळा होऊ देऊ नकोस हं.”