‘एक नळी घालायला पाऊण तास!’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आपण एक स्टार देऊन चार तक्रारी लिहिल्यात. मानेत नळी घालायला पाऊण तास लावला; मध्येच सिस्टरनं डॉक्टरला थांबवलं, म्हणजे डॉक्टर शिकाऊ होता; गाऊन, ग्लोव्हज आणि दोन-दोन ड्रेसिंगचे पैसे लावले; आणि एवढं करून चौथ्या दिवशी नळी काढून टाकली, मग हाताला सुया टोचत बसले. पेशंटच्या आजाराबद्दल मी इथे अक्षरही लिहिणार नाही, ते चारचौघांत बोलायचं नसतं. पण या चारही गोष्टी आमच्या आयसीयूत कुणाच्याही बाबतीत अशाच होतात. का, ते सांगतो.

मानेतली ही नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, हाताची सलाईन नव्हे. तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. कातडीवरचे जंतू नळीच्या कडेनं किंवा तिच्या तोंडातून आत शिरले की थेट रक्तात. आधीच अत्यवस्थ असलेला माणूस त्यानं दगावू शकतो. वाचला तरी मुक्काम लांबतो आणि भारी अँटिबायोटिक्स लागतात. त्या बिलापुढे ग्लोव्हजचे पैसे किरकोळ आहेत.

पाऊण तासात प्रत्यक्ष नळी घालायला थोडाच वेळ जातो, बाकी सगळी तयारी. हात धुणं, टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन, ग्लोव्हज, पेशंटवर डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक कापड. मग स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक कातडीवर घासायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. पुसायचं नाही, फुंकर घालायची नाही. जांघेतून पटकन झालं असतं, असं आपण लिहिलंय. होतं पटकन, पण मोठ्या माणसांत तिथे संसर्गाचा धोका जास्त, म्हणून शक्यतो टाळतो.

आता सिस्टरची गोष्ट. आपण काचेतून पाहिलंत ते बरं झालं. नळी घालताना एक सिस्टर हातात यादी घेऊन उभी असते, आणि एखादी पायरी चुकतेय असं वाटलं तर समोरच्याला थांबवायचा अधिकार तिला आहे. समोर मी असलो तरी. गाऊनची बाही नुसती कुठे टेकल्याची शंका आली तरी गाऊन बदलून पुन्हा सुरुवात. ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ च्या सुमारास अशी पाच कलमांची यादी केली आणि थांबवायचा हक्क नर्सना दिला. पुढे मिशिगन राज्यातल्या १०३ आयसीयूंमध्ये ती राबवली. २००६ साली निष्कर्ष छापून आले: दीड वर्षात हा संसर्ग सुमारे दोन-तृतीयांशानं घटला. नवं औषध नाही, महागडं मशीन नाही. आपल्याकडे मोठ्या डॉक्टरला टोकणं म्हणजे उद्धटपणा समजतात, त्यामुळे सिस्टर लोकांना बोलतं करायलाच आम्हाला जास्त कष्ट पडले. आपण ज्यांची तक्रार केलीत त्यांचं मी त्याच दिवशी कौतुक केलं होतं.

ड्रेसिंग दोनदा का? पारदर्शक ड्रेसिंग एरवी सात दिवस चालतं. पण मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो, घामानं कड सुटते. सुटलेलं ड्रेसिंग त्याच क्षणी बदलायचं, सातव्या दिवसाची वाट बघायची नाही. घरची चादर आणि सिद्धेश्वराचा अंगारा आत नेऊ दिला नाही, याचाही राग दिसतो. अंगारा उशाशी पुडीत ठेवा म्हणालो होतो. मानेजवळ लावू देणार नाही. चादरीचं म्हणाल तर सोलापूरकराला चादर नको म्हणताना मलाही जड जातं.

चौथ्या दिवशी नळी काढली, कारण रोज सकाळच्या राउंडला एकच प्रश्न असतो: आज हिची गरज आहे का? नसेल तर ती त्याच दिवशी निघते. नळी जितके दिवस आत, तितका धोका वाढत जातो. ‘पैसे भरलेत तर राहू द्या’ हा हिशेब इथे चालत नाही. हाताला सुई दुखते, कबूल. पण हातातली छोटी सलाईन त्या मानानं सुरक्षित.

बिलातल्या कुठल्याही ओळीबद्दल शंका असेल तर संध्याकाळच्या ओपीडीनंतर फाईल घेऊन या. वापरलेल्या प्रत्येक किटचं स्टिकर केसपेपरवर चिकटवलेलं असतं, एकेक ताडून पाहू. यादीची कोरी प्रतही देतो. पुढे कुठल्याही हॉस्पिटलात घरच्या कुणाला अशी नळी घालायची वेळ आली तर ती दाखवून विचारा.