आजारी पडा, पण तारीख बघून

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं ठरवलंय? छान. मला या विषयातला ताजा अनुभव आहे. मागच्या गुरुवारी माझं प्रमाणपत्र हाती आलं: 30 टक्के, तेही तात्पुरतं. म्हणजे आता सल्ले द्यायला मी पूर्ण पात्र आहे. बाकी कशालाच पात्र नाही, कारण बाकी सगळं 40 पासून सुरू होतं.

आधी आजार नीट निवडा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि माझा सिकलसेल त्यात आहे, हे वाचून हुरळून जाऊ नका. पत्रिकेत नाव छापलं म्हणून पंगतीत पान मिळतंच असं नाही. आजार असा हवा की दारातून आत येताना टेबलापलीकडून दिसला पाहिजे. मी मूर्खासारखा रक्तातला घेतला. आई वाहक, बाबा वाहक, आणि मी एसएस, म्हणजे दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेली. माझ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मग हाडं आतून कोणी पिळतंय अशी ठणकतात. हे सगळं कातडीच्या आत चालतं. बाहेरून मी, आमच्याकडे म्हणतात तशी, ठणठणीत.

बोर्डाच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसू नका.

हसूही नका. रांगेत माझ्या पुढे एक आजोबा होते. ‘पाय तं गेला, आता टोकन तरी जाऊ नको’ असं काहीतरी म्हणाले आणि मी हसले. नेमके त्याच वेळी डॉक्टर चहाला बाहेर आले होते. माझी अर्धी टक्केवारी तिथेच गेली असावी.

कागदपत्रांचं फारसं मनावर घेऊ नका. जे न्याल ते सोडून दुसरं मागतील.

आता मुख्य मुद्दा, तारीख. क्रायसिस, म्हणजे आमच्या दुखण्याचा जोराचा झटका, येणार असेल तर तो बोर्डाच्या वारी, सकाळी दहा ते एक या वेळेत यावा. बेतानेच यावा. इतका, की चेहऱ्यावर दिसेल पण एसटीत बसता येईल. गावाहून जिल्ह्याला अडीच तास लागतात, त्यातले शेवटचे 40 मिनिटं रस्ता नसलेला रस्ता. माझी पहिली तारीख जानेवारीतली होती. थंडी आम्हाला सोसत नाही, हे सिकलसेलवाल्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. तारखेच्या आदल्या रात्री कंबरेपासून सुरू झालं. भावाने पहाटे कोणाची तरी गाडी मागून मला दवाखान्यात नेलं. सलाईन, ऑक्सिजन, दोन पिशव्या रक्त. सहा दिवस मी तिथेच. आणि दवाखाना कोणता? तोच, जिथे बोर्ड बसतो. बोर्ड तळमजल्यावर, मी तिसऱ्या मजल्यावर. भाऊ माझं टोकन घेऊन खाली गेला, म्हणाला, ती वर भरती आहे, कोणीतरी येऊन बघा, नाहीतर निदान केसपेपर तरी बघा. खिडकीतून उत्तर आलं, ‘पेशंट स्वतः पाहिजे.’ भाऊ म्हणाला, पेशंट स्वतःच आहे, वर आहे. ‘मग खाली आणा.’ स्ट्रेचर मागितलं तर ते वॉर्डातून सही आणल्याशिवाय मिळत नाही, आणि वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, या अवस्थेत हलवायची नाही. दुपारी दीड वाजता माझ्या नावापुढे शेरा पडला: गैरहजर.

गैरहजर! 42 पायऱ्यांवर होते मी. भावाने मोजल्या आहेत, कारण त्या दिवशी तो त्या पाच वेळा चढला.

दुसरी तारीख मार्चमध्ये मिळाली. तेव्हा मी बरी होते, म्हणजे आमच्या हिशेबाने बरी. सकाळी दोन दुखीच्या गोळ्या घेतल्या, नाहीतर एसटीची पायरीच चढवत नाही. उजव्या खुब्याचं हाड रक्त न पोचून झिजलंय. ‘चालून दाखवा.’ चालले. ‘बसा. उठा.’ बसले, उठले. ‘बऱ्या तं आहात तुम्ही.’ मी वर्षभराच्या भरतीचे कागद पुढे केले: चार वेळा, एकूण 23 दिवस. त्यांनी फाईल उघडली, रक्ताचा रिपोर्ट असलेल्या पानापर्यंत गेले आणि मिटली. तीन मिनिटं. माझ्या मागे साठ जण होते, हेही खरं.

तर गणित लक्षात घ्या. येऊ शकलात तर तुम्ही धडधाकट. येऊ शकला नाहीत तर गैरहजर.

तात्पुरतं या शब्दावर माझं विशेष प्रेम जडलंय. तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. आईबाबांनी दिलेली जनुकं मी तोवर परत करीन असा साहेबांचा अंदाज असावा.

निकाल पटला नाही? अपील करा की! कायद्यात त्यासाठी कलम 59 आहे. ते कुठे करायचं हे विचारायला मी चार खिडक्या फिरले. एकीने ‘ऑनलाइन’ सांगितलं, दुसरीने ‘साहेब रजेवर’, तिसरीने पहिलीकडे पाठवलं. चौथीवरच्या बाईंनी मात्र अर्ज घेतला, पोच दिली, शिक्का सरळ मारला. त्यांचं भलं होवो. 

या सगळ्यातून मला काय मिळणार होतं, तेही ऐका. संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला 2500. त्यासाठी तहसीलचा वर्षाला 50 हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला आहे माझ्याकडे. शिलाई मशीनवर बसून याहून जास्त कमावता आलं असतं तर साहेब, मी तुमच्या दारात आलेच नसते. 

खोटे दिव्यांग फार झालेत म्हणून कडक झालोय, असं म्हणता. व्हा ना कडक. पण ती खोटी प्रमाणपत्रं काय आम्ही छापली? त्यावर सह्या बोर्डांच्याच होत्या ना? मग त्याची वसुली रांगेतल्या माणसाकडून का? अपंगचं दिव्यांग केलंत, 2022 मध्ये स्वतंत्र खातं काढलंत, 19 जूनला सिकलसेल दिनाची रॅली काढता, आमच्या हातात फलक देता, केळं देता, फोटो काढता. त्या दिवशी आम्ही रुग्ण असतो. बोर्डापुढे आलो की बऱ्या दिसतो. जरा लाज वाटू द्या. हा आजार चालून दाखवण्यात दिसत नाही, भरतीच्या रजिस्टरात दिसतो. आणि ते रजिस्टर माझ्याकडे नाही, तुमच्याकडेच आहे. तुमच्याच इमारतीत, तुमच्याच शाईने लिहिलेलं. तीन मिनिटं माझे पाय बघण्याऐवजी तीन मिनिटं ते वाचा.

अपिलाची तारीख आली आहे. पुन्हा जानेवारी, सकाळी नऊ. मी येणार आहे. आले नाही, तर गैरहजर लिहिण्याआधी तिसऱ्या मजल्यावर एक फोन लावा. डावीकडून दुसरा पलंग, खिडकीजवळचा. बहुतेक तोच देतात मला.