21 दिवसांत 10 किलो : फिरत राहणाऱ्या एका संदेशाला उत्तर

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्याकडे दरवर्षी वजन घटवण्याचा एक संदेश मोबाईलवर फिरू लागतो. या वर्षी तो मला नातेवाइकांच्या, भिशीच्या आणि जुन्या विद्यार्थिनींच्या अशा तीन समूहांतून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा आहे. ठाम निश्चय केलेल्या माणसाचे वजन 21 दिवसांत 10 किलो उतरते. त्यासाठी भाकरी, भात, केळी आणि शेंगदाणे पूर्ण बंद करावेत, सकाळी उपाशीपोटी लिंबू-मधाचे गरम पाणी घ्यावे, रात्रीचे जेवण सोडावे आणि पोटाला पट्टा बांधून घाम निथळेपर्यंत चालावे. 21 दिवसांत सवय कायमची लागते, मात्र एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी. एवढे करूनही ज्याचे वजन उतरत नाही, त्याची इच्छाशक्तीच कमी पडते. शेवटी हा संदेश 20 जणांना पाठवण्याची विनंती आहे.

मी अमळनेरला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. तरीही हे उत्तर लिहिणे मला भाग वाटले, कारण गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेने हा संदेश अक्षरशः पाळला आणि सहाव्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मटकन बसली. हात पिठाने भरलेले, कपाळावर थंड घाम, बोटे थरथरत होती. "माले चक्कर यी ऱ्हायनी," एवढेच ती म्हणाली. तिला मधुमेह आहे आणि त्यासाठी ती ग्लिमेपिराइडची गोळी घेते. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन वाढवते. तिने रात्रीचे जेवण सोडले होते, गोळी मात्र सोडली नव्हती. ग्लुकोमीटरवर आकडा आला 52, म्हणजे रक्तातली साखर धोकादायक खाली गेली होती. साखरेचे पाणी पाजल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तिला हुशारी आली आणि तिचे पहिले वाक्य होते, "मना सहा दिन वाया गयात." जिवावर बेतले असते याचे तिला काही वाटले नव्हते, मोजणी एकपासून सुरू करावी लागणार, याचेच दुःख होते. हे वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही, म्हणून संदेशातील एकेक विधान घेऊन उत्तर देते.

पहिले विधान 10 किलोंचे. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरींचा साठा. 10 किलो चरबी 21 दिवसांत जाळायची तर एकूण 77,000, म्हणजे रोज सुमारे 3,670 कॅलरींची तूट पडायला हवी. घरकाम आणि नोकरी करणाऱ्या मध्यम बांध्याच्या स्त्रीचा संपूर्ण दिवसाचा खर्चच 1,800 ते 2,000 कॅलरींच्या आसपास असतो. म्हणजे तिने 21 दिवस अन्नाचा कणही घेतला नाही तरी हा हिशेब जुळत नाही. मग पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली आलेला अनेकांना दिसतो, तो खोटा असतो का? काटा खरे बोलतो, पण तो चरबीबद्दल बोलत नसतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा पिष्टाचा साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. जेवण एकदम तोडले की आधी हा साठा रिता होतो आणि ते पाणी निघून जाते. पुन्हा दोन दिवस नीट जेवले की ते परत येते, आणि माणूस समजतो की आपलेच काही चुकले. शिवाय फार वेगाने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आठवड्याला अर्धा किलो, तेही प्रत्येक आठवड्यात नव्हे, हा वेग ऐकायला फिका वाटतो, पण जे उतरते ते बहुतांशी चरबीचे असते.

दुसरे विधान भाकरी, केळी आणि शेंगदाण्यांवर बंदी घालणारे आहे. खानदेशात राहणाऱ्या माणसाला असा सल्ला देणे म्हणजे त्याला स्वतःच्या घरातून उठवण्यासारखे आहे. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर-यावल पट्ट्यातल्या घरांत केळी हा रोजचा जिन्नस आहे. एका मध्यम केळ्यात सुमारे 100 कॅलरी असतात, तेवढ्याच पाच चमचे साखरेतही असतात. दिवसातून पाच वेळा चहा घेणारा माणूस केळे टाकतो आणि चहातली साखर तशीच ठेवतो, तेव्हा त्याच्या हाती काय लागते? मधुमेह असलेल्यांनी केळ्याचे प्रमाण आणि वेळ सांभाळायला हवी हे खरे, परंतु त्याला लठ्ठपणाचे कारण ठरवणे चुकीचे आहे.

भाकरीचेही तसेच आहे. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातील कॅलरी वजनाला वजन जवळपास सारख्याच असतात, म्हणून भाकरी कितीही खावी असे मी म्हणणार नाही. पण आमची कळण्याची भाकरी ज्वारी आणि उडीद एकत्र दळून होते. धान्यात कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल डाळीत भरपूर असते, त्यामुळे दोन्ही मिळून प्रथिनांची प्रत सुधारते, आणि चोथा असल्यामुळे एका भाकरीवर पोट बराच वेळ शांत राहते. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरत आणि कळण्याची भाकरी हे जेवण वजनाचे शत्रू नाही. भाजलेल्या वांग्यात कॅलरी अगदी थोड्या असतात. भरताचे गणित ठरते ते फोडणीत किती तेल ओतले आणि शेंगदाणे मूठभर घातले की वाटीभर, यावर.

आणि इथेच संदेशाने जे अजिबात सांगितले नाही ते सांगावेसे वाटते. शेवभाजीवरची तर्री, तुपात बुडवलेली बट्टी, वांग्याच्या भाजीवर तरंगणारा तेलाचा थर, हे सगळे आपण भाकऱ्या मोजताना विसरतो. दीड वर्षापूर्वी माझे वजन 81 किलो होते, तेव्हा मी भाकरी मोजणे सोडून तेलाच्या डब्यावर मार्करने तारीख लिहिली. घरात आम्ही पाच प्रौढ माणसे. 15 किलोचा डबा बरोबर अडीच महिन्यांत संपला. म्हणजे माणशी रोज 40 ग्रॅम, तेलाच्या एका ग्रॅमला 9 याप्रमाणे 360 कॅलरी, तेही तूप, लोणी आणि बाहेरचे खाणे धरले नाही तर. बैठे काम करणाऱ्या प्रौढासाठी वरून घेतलेले तेल-तूप मिळून दिवसाला 20 ते 30 ग्रॅमच्या आसपास असावे, असा आपल्याकडच्या पोषणतज्ज्ञांच्या शिफारशींचा सर्वसाधारण रोख आहे. आम्ही भाजी बदलली नाही. बरणीतून थेट कढईत धार धरणे बंद केले आणि फोडणीसाठी पोह्यांचा एक चमचा नेमून दिला. पुढचा डबा साडेतीन महिने पुरला, म्हणजे माणशी रोज सुमारे 100 कॅलरी कमी झाल्या आणि घरात कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. सासूबाईंना मी महिनाभराने सांगितले, तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. माझे वजन आज 72 आहे. त्यात चालण्याचा वाटा आहे, चहातली साखर अर्धी केल्याचा आहे, पण सुरुवात त्या तारखेपासून झाली.

लिंबू-मधाच्या पाण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. कोमट पाणी चरबी वितळवत नाही; चरबी पेशींच्या आत असते आणि शरीराला उर्जेची तूट भासली तरच ती बाहेर काढली जाते. एक चमचा मधात सुमारे 20 कॅलरी असतात. आवडत असेल तर प्यावे, औषध म्हणून पिऊ नये.

घामाचे विधान मात्र आपल्या भागात जीवघेणे ठरू शकते. घाम हा शरीर थंड ठेवण्याचा उपाय आहे आणि तो त्वचेवरून वाळला तरच थंडावा मिळतो. घामावाटे एक लिटर पाणी गेले तर काटा एक किलो कमी दाखवतो आणि तांब्याभर पाणी प्यायले की आकडा पूर्ववत होतो. पोटाला प्लास्टिकचा किंवा रबरी पट्टा आवळला की घाम वाळत नाही आणि शरीराचे तापमान चढत जाते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा असा पट्टा बांधून चालणाऱ्याला उष्माघात होऊ शकतो. शिवाय ज्या जागी पट्टा बांधला तिथलीच चरबी कमी होते, हेही खरे नाही. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला निघावे आणि ऊन तापायच्या आत घरी यावे, किंवा घरातल्या घरातच चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. ते रोजचे 20-22 मिनिटांचे भरभर चालणे होते आणि त्याला ना पट्टा लागतो ना वर्गणी.

आता 21 दिवसांकडे येते, कारण माझ्या जावेला सर्वाधिक छळले ते या आकड्याने. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधील लेखनातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला "किमान" हा शब्द वाटेत गळून पडला आणि चेहऱ्याची गोष्ट खाण्यापिण्याला, व्यायामाला, सगळ्यालाच लावली गेली. प्रत्यक्ष सवयींचा अभ्यास लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला आणि तो 2010 मध्ये छापून आला. 96 जणांनी 12 आठवडे प्रत्येकी एक साधी सवय रोज करून पाहिली. ती आपोआप घडू लागेपर्यंतचा काळ मध्यकाने (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) 66 दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतला फरक, 12 आठवड्यांच्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधता, 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते : मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. म्हणजे "पुन्हा एकपासून" या नियमाला आधार नाही, आणि तो नियम पाळणारा माणूस दुसऱ्यांदा एकपासून सुरू करतो, तिसऱ्यांदा करतो आणि चौथ्यांदा संदेशच पुसून टाकतो.

आपल्या वर्षाकडे पाहावे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, मांडे आणि आमरस होतो. श्रावणात कानबाई ही आमची देवी घरी बसते आणि तिच्या प्रसादाचे रोट संपेपर्यंत घरचे सगळे तेच खातात. मग लग्नसराई, त्यात वरण-बट्टीच्या पंगती. सलग 21 दिवस निर्वेध मिळतील असा महिना खानदेशातल्या कुटुंबाला शोधूनही सापडायचा नाही, आणि सापडू नये असेच मला वाटते. जे वेळापत्रक आखाजीच्या दिवशी मोडते ते आपल्यासाठी केलेलेच नाही. मांड्यांच्या दिवशी मांडे खावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून बाहेर पडावे. मधल्या दिवसाची भरपाई म्हणून उपास करू नये.

उरले इच्छाशक्तीचे विधान, जे मला सर्वांत क्रूर वाटते. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी, स्वेच्छेने आलेल्या तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवले होते. रोजचे अन्न सुमारे 1,570 कॅलरींचे होते. निवडून घेतलेली ही निश्चयी माणसे होती. तरी काही आठवड्यांत ती दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृती जमवू लागली, चिडचिडी आणि उदास झाली. भुकेपुढे मन असे वागते, हा देहाचा धर्म आहे. आमच्या घरात रात्री अकराला डब्यातला चिवडा खाणाऱ्या बाईला आळशी म्हणण्याआधी तिने दिवसभरात काय आणि केव्हा खाल्ले, हे विचारायला हवे. बहुतेक वेळा सकाळी चहावर निघालेली, सगळ्यांना वाढून दुपारी तीनला उरलेले खाल्लेली अशीच ती असते. तिला निश्चयाचे धडे नकोत. सकाळी नऊच्या आत दोन घास पोटात जातील, एवढी घराची व्यवस्था हवी.

काट्यावरचा आकडा हाच पुरावा मानण्यातही धोका आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा 2006 मधील अभ्यास मी वर्गात सांगते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 531 भारतीयांपैकी ज्यांनी आहार आणि चालणे सांभाळले, त्यांच्यात तसे न करणाऱ्यांच्या तुलनेत तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटले, आणि तेही सरासरी वजन फारसे न उतरता. काटा हलत नाही तेव्हाही आत बरेच काही सुधारत असते. मापायचेच तर कंबर मापावी. भारतीय पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढतो.

माझ्या जावेची गोळी डॉक्टरांनी नंतर बदलली. ती आता वेळेवर जेवते आणि रोज बोरी नदीच्या पुलापर्यंत जाऊन येते. आखाजीत तिचे आठ दिवस चुकले, नवव्या दिवशी ती मला हाक मारायला दारात उभी होती. नऊ महिन्यांत तिचे चार किलो उतरले आहेत.

ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी जाणते. माझी त्यांना एकच विनंती आहे. ज्या ज्या समूहात तो पाठवला, तिथे त्याखाली एवढे तरी आज लिहावे : मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण सोडू नये.