जिन्याखालचं नेटवर्क

गिरगावात एका चाळीच्या जिन्याखाली आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. आपलं दुकान म्हणायचं म्हणून. वडील इथेच बसायचे, आता मी बसतो. उठताना मान तिरकी केली नाही तर पायरी टाळक्यात बसते. मला तिची सवय झाली आहे, गिऱ्हाइकांना अजून नाही. सतरा खड्यांचं घड्याळ डोळ्याला भिंग लावून उघडणारा माणूस मी. आतलं बॅलन्सचं चाक सेकंदाला पाच ठोके देतंय की नाही हे नुसतं कानाला लावून सांगतो. तेव्हा एवढंसं कार्ड मशीन आपल्याला काय घाबरवणार, असं वाटलं होतं.

आमच्या धंद्याला २०१६ साल फार लागलं. जानेवारीत सरकारने एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करायला मंजुरी दिली, म्हणजे आमचं माहेरच गेलं. एप्रिलमध्ये यूपीआय आलं, ते तेव्हा कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या, ते मात्र झोपलेल्यांनाही उठवून सांगण्यात आलं. मग काचेच्या पेटीवर क्यूआरचा स्टिकर चिकटला आणि त्यापाठोपाठ बोलणारा डबा आला. हा डबा मराठीत बोलतो आणि ठणठणीत बोलतो. ‘एकशे वीस रुपये प्राप्त झाले’ हे मला नंतर आणि पहिल्या मजल्यावरच्या आमच्या हिला आधी कळतं. पूर्वी संध्याकाळी मी सांगेन तो गल्ला असायचा. आता मी जिना चढेपर्यंत वर बेरीज तयार असते.

तिथेच थांबायला हवं होतं. पण चारचौघे ‘काका, कार्ड घेता का?’ विचारू लागले आणि एक गुळगुळीत दाढीचा मुलगा बॅग घेऊन आलाच. मशीन ठेवलं, दहा ठिकाणी सह्या घेतल्या, महिन्याचं भाडं शेवटी सांगितलं. मी पहिल्यांदा मशीन उलटं करून स्क्रू शोधला. तो ओरडला, ‘काका, उघडायचं नाही! उघडलं की लॉक होतं.’ चाळीस वर्षांत असं मशीन पाहिलं नव्हतं. जे उघडायचं नाही ते मशीन कसलं? ती तर मूर्ती झाली.

आणि मूर्तीसारखेच तिचे सोपस्कार. जिन्याखाली नेटवर्क येत नाही. रक्कम टाकायची, मशीन उचलायचं, पायरी चुकवायची, फुटपाथवर यायचं, उन्हाकडे तोंड करून सूर्याला अर्घ्य द्यावं तसं ते वर धरायचं. गिऱ्हाईक पिन टाकणार म्हणून मी मान फिरवणार. समोरचा भाजीवाला मात्र मान फिरवत नाही. पावसात हाच विधी छत्रीत. एका हातात छत्री, एका हातात मशीन, पिन टाकायला गिऱ्हाईक छत्रीत शिरणार. लग्नानंतर इतक्या जवळ मी कुणासोबत उभा राहिलो नव्हतो.

आणि हे कशासाठी? सहाशे सव्वीस नंबरचा सेल बदलला त्याच्या एकशे वीस रुपयांसाठी! मी म्हटलं, ‘साहेब, स्कॅन करा ना. १ जानेवारी २०२० पासून खात्यातून थेट यूपीआय केलं तर माझे काही कापत नाहीत, रुपे डेबिटला पण नाही. क्रेडिट कार्डाला दोन-अडीच रुपये जातात.’ साहेब म्हणाले, ‘हो, पण कार्डावर मला पॉइंट मिळतात.’ म्हणजे ह्यांच्या विमानाच्या तिकिटाला थोडं इंधन माझ्या सेलमधून. घेवोत बापडे.

साहेबांनी पिन टाकला. मशीन विचारात पडलं. बराच वेळ गोल गोल फिरलं आणि थांबलं. पावती नाही. तेवढ्यात साहेबांच्या फोनवर मेसेज, पैसे गेले! माझ्याकडे आले नाहीत. दोघेही एकमेकांकडे संशयाने बघत उभे. अशा वेळी बँकेने पाच दिवसांत पैसे आपणहून परत करायचे आणि त्यापुढे दिवसाला शंभर रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. हा नियम मला साहेबांनीच सांगितला. आणि मग पाचही दिवस रोज ऑफिसला जाताना दुकानापुढे थांबून ते विचारत होते, ‘आले का?’ जणू पैसे माझ्याकडे बाळंतपणाला यायचे होते. पाचव्या दिवशी त्यांच्या खात्यात ते परत आले. ‘बरं झालं,’ म्हणत त्यांनी माझ्या एकशे वीस रुपयांसाठी पाचशेची नोट काढली. माझ्याकडे सुट्टे नव्हते.

परवा एक पोरगा आला. आजोबांची एचएमटी घेऊन, हातानं चावी द्यायची, काच पिवळी पडलेली. तेल वाळून चिकट झालं होतं. दोन दिवस लागले. उघडली, धुतली, तेल घातलं, कानाला लावली. टिक टिक टिक. काय सांगू, भाड्याचं दुःख विसरलो.

साडेआठशे रुपये झाले. पोरगा म्हणाला, ‘टॅप करतो, काका.’ पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही हे मला आता ठाऊक आहे. मी मशीन घेऊन सवयीने फुटपाथवर आलो. त्याने ना कार्ड काढलं, ना फोन. मनगट पुढे केलं आणि मशीनला घड्याळ टेकवलं. पीप!

मला वाटलं चुकून लागलं. ‘नाही काका, पट्ट्यात चिप आहे.’ २०२० साली टायटनने स्टेट बँकेबरोबर अशी घड्याळं काढली होती म्हणे. चाळीस वर्षं मी घड्याळाचे पैसे घेत आलो, घड्याळाने मला पैसे दिले ते पहिल्यांदाच. आदराने त्याचं मनगट धरून तबकडी पाहिली. दहा वाजून दहा मिनिटं. दुकानात मांडताना लावतात ती वेळ. सेकंदकाटा हलत नव्हता.

‘अरे, हे बंद आहे.’

‘हो, सेल गेलाय. पण चिपला सेल लागत नाही. पैसे जातात ना.’

‘एकशे वीस रुपयांत बदलून देतो.’

‘राहू दे काका. वेळ मोबाईलमध्ये बघतो.’

तेवढ्यात मशीनमधून पावती सरकत आली. आजोबांची एचएमटी लावायची राहिली होती. माझ्या भिंतीवरची अकरा घड्याळं अकरा वेळा दाखवतात, दुरुस्तीलाच आलेली आहेत बिचारी. म्हणून पावती उन्हात धरली. रकमेच्या वर बारीक अक्षरात छापलं होतं, १७:४२. चावी ओढली, काटे पाच बेचाळीसवर आणले आणि घड्याळ पोराच्या हातात दिलं.

आतून डब्याने काही घोषणा केली नाही. कार्डाचे पैसे तो बोलत नाही. वरच्या मजल्यावर अजून कुणाला कळलेलं नाही.